मागील रीडिंग, चालू रीडिंग

एकतीस वर्षं वीज खात्यासाठी मीटर वाचले.
पिळगावात, सारमानसच्या धक्क्यापासून वरच्या वाड्यापर्यंत,
कुठला कुत्रा खरंच चावतो, कुठे आधी पाणी विचारतात,
कुठल्या मीटरमागे पालीची अंडी,
सगळं तोंडपाठ.
मुलं हाक मारायची, रीडरमाम.

निवृत्त झालो त्या मे महिन्यात
तन्मेश गावस (नववी, ओठावर लव, क्लबचा गोली)
फेरीबोटीच्या कठड्याला टेकून मोबाइलशी बोलत होता.
ही पोरं लिहीत का नाहीत, बोलूनच निरोप का धाडतात?
मला वाटायचं, फॅशन.
बोटीवर नोटीस डकवलेली:
गुरुवारी दुरुस्तीसाठी फेरी बंद.
तो म्हणाला, "माम, चष्मा विसरलो. काय लिहिलंय?"

त्याला चष्मा नाही. कधीच नव्हता.
मैदानाच्या पलीकडच्या टोकाचा चेंडू त्याला दिसतो.

म्हणजे मी इतकी वर्षं
घराघरांत शिरून आकडेच उतरवत होतो.
आत कुणाला काय वाचता येतं,
तो रकाना खात्याच्या वहीत नव्हता.

मग बसायचं ठरलं, रविवारी.
कॉन्सेसांवबायने मासळीचे दोन क्रेट घासून दिले,
पुस्तकांना महिनाभर बांगड्याचा वास.
क्लबने खोली दिली, चषकांच्या कपाटासकट.
पहिल्या रविवारी मी आणि क्रेट.
दुसऱ्या रविवारी मी, क्रेट
आणि वास काढत आलेलं मांजर.

पंधरा वर्षांच्या मुलाने
'कमळ बघ' वाचायचं, तेही चारचौघांत?
त्यापेक्षा तो पेनल्टी सोडून देईल.

तोड काढली अंगणवाडीच्या शेवंती घाडीने.
मुलांना म्हणाली, शिकायला कोण बोलावतंय तुम्हाला?
माझी पिल्लं सांभाळा, शनिवारी तासभर.
गोष्टी वाचून दाखवा. माझा घसा बसलाय.

तिचा घसा ठणठणीत.
त्याच संध्याकाळी ती नळावर भांडली,
ते धक्क्यापर्यंत ऐकू आलं.

पण मोठ्या हातांना
लहान पुस्तक धरायला कारण मिळालं.

तन्मेशने बुधवारीच पुस्तक नेलं, जर्सीखाली खुपसून.
त्याची आई मला म्हणाली,
रात्री न्हाणीघरात दिवा जळतो हो,
आत कुणाशी तरी अडखळत बोलतो.
मी सवयीने हिशेब केला:
दहा वॅट, दोन तास,
युनिटचा पन्नासावा भाग.
एवढं थोडं रीडिंग
मी जन्मात नोंदवलं नव्हतं.

शनिवारी मांडीवर शिल्पा लमाणीचा धाकटा भाऊ.
"खे... खेकडा... बिळा... तून..."
"कुर्ली ती!" पोरगं म्हणालं.
"पुस्तकात खेकडाच आहे."
"पाय दहा असतात. तू आठ वाचलेस."
तन्मेश कानापर्यंत लाल. ओळीच्या सुरुवातीला परतला.
दहाच होते.
पोराने पान उलटायला हात घातला, तसा तो म्हणाला,
"थांब रे. माझं झालं नाही अजून."

मी दारात उभा राहून
न उडालेला फ्यूज तपासत राहिलो.

सगळ्यांचं असं झालं नाही.
दीक्षता परवार कळंगुटला हॉटेलात लागली,
पुस्तक परत आलं, ती नाही.
दोघांनी तोंडही दाखवलं नाही.
शिल्पा, घरी वेगळी बोली, शाळेत वेगळी,
माझ्या हातून आता पेपर ओढून घेते
आणि मृत्यूच्या बातम्या आधी वाचते. का, विचारलं नाही.

माझी जुनी वही खात्याने परत मागितली नाही.
रकाने छापलेले आहेतच.
तन्मेश गावस. मागील रीडिंग: चष्मा विसरलो.
चालू रीडिंग: फेरीवरची नवी नोटीस, सात ओळी.
बोट धक्क्याला लागली, स्कूटर उतरल्या,
खलाशी दोनदा ओरडला,
आणि हा पाचव्या ओळीवर
बोट ठेवून उभा.